विश्लेषण : जुन्या संगणकाला नवी डिस्क का दिसत नाही? कंट्रोलर कार्ड ‘रिफ्लॅश’ केल्याने काय साधते?

१९९० च्या दशकातला एखादा संगणक अजूनही सुरू होतो, पण त्याची हार्ड डिस्क आता खरखर करू लागली आहे. नवी डिस्क जोडली तर संगणक तिला ओळखतच नाही. अशा वेळी बहुतेक जण यंत्र भंगारात काढतात. त्याबरोबर त्यातल्या मराठी फाइलीही जातात. प्रत्यक्षात अनेकदा अडचण संपूर्ण यंत्रात नसते. डिस्कशी बोलणारा काही किलोबाइटचा प्रोग्राम जुना झालेला असतो. तो बदलण्याच्या कामाला ‘रिफ्लॅशिंग’ म्हणतात. हे काम नेमके काय आहे आणि ते कोणी, कधी करावे?

जुना संगणक सांभाळायचाच कशाला?

युनिकोड रुळण्याआधी महाराष्ट्रात मराठी मजकूर अनेक वेगवेगळ्या पद्धतींनी साठवला जात होता. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड हे त्यातले ठळक उदाहरण. हे तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आले आणि पुढे सी-डॅकमध्ये वाढले. हे कार्ड संगणकात बसवले की साध्या डॉस प्रोग्राममध्येही देवनागरी लिहिता येई. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांसाठीचे मानकही ठरले. याशिवाय पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ छापखान्यांत आणि डीटीपी करणाऱ्यांकडे पोहोचले होते.

अशी कार्डे ‘आयएसए’ नावाच्या लांब खाचेत बसत. ही खाच आजच्या घरगुती मदरबोर्डवर नसते. त्या काळातली अनेक डीटीपी सॉफ्टवेअर तर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या ‘लॉक’शिवाय चालतच नसत. म्हणजे नुसती फाइल पेनड्राइव्हवर घेतली तरी ती जशीच्या तशी उघडेल याची खात्री नाही. इस्कीतला मजकूर युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे, कारण युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवर बेतलेली आहे. फॉन्टवर आधारलेल्या फाइलींचे मात्र तसे नाही. रूपांतर बरोबर झाले का, हे तपासायला मूळ यंत्र हाताशी असलेले बरे.

अडचण नेमकी कुठे येते?

संगणक सुरू होताना सर्वांत आधी ‘बायोस’ हा मदरबोर्डवरचा प्रोग्राम चालतो. डिस्क किती मोठी असू शकते, याचा त्याचा अंदाज तो लिहिला गेला त्या काळाचा असतो. जुने बायोस १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढाच हिशेब मांडू शकत. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. या आकड्यांचा गुणाकार साधारण ५२.८ कोटी बाइट, म्हणजे ५२८ मेगाबाइट होतो. त्यापुढची जागा अशा बायोसला दिसत नाही. नंतरच्या यंत्रांत ही मर्यादा ८.४ गिगाबाइट आणि पुढे १३७ गिगाबाइट झाली. आज बाजारात मिळणारी लहानात लहान एसएसडीसुद्धा जुन्या बायोसच्या हिशेबाबाहेरची असते. शिवाय तिची साटा केबल जोडायला त्या मदरबोर्डवर जागाही नसते.

कार्डावरचा प्रोग्राम काय करतो?

पीसीच्या रचनेतच यावर एक तोड आहे. सुरू होताना बायोस मेमरीचा एक ठरावीक पट्टा दर दोन किलोबाइटवर तपासतो. तिथे ‘५५ एए’ ही दोन बाइटची खूण सापडली, तर इथे एखाद्या कार्डाचा स्वतःचा प्रोग्राम आहे असे तो समजतो. तिसरा बाइट त्या प्रोग्रामची लांबी सांगतो. सगळ्या बाइटांची बेरीज ठरल्याप्रमाणे जुळली की बायोस त्या प्रोग्रामकडे ताबा देतो.

हा प्रोग्राम डिस्कची कामे स्वतःकडे घेतो. त्यानंतर डॉस नेहमीच्याच पद्धतीने ‘अमुक सेक्टर वाच’ असे सांगतो, फक्त उत्तर जुन्या बायोसऐवजी कार्डावरचा प्रोग्राम देतो. समोर फिरती डिस्क आहे की मेमरी कार्ड, हे डॉसला कळतही नाही. रिफ्लॅशिंग म्हणजे कार्डावरच्या चिपमधला हा प्रोग्राम पुसून आपल्या गरजेचा दुसरा लिहिणे.

३८६, ४८६ सारख्या यंत्रांवर काय करतात?

इथे ‘एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोस’ हा मुक्त परवान्याखालचा प्रोग्राम उपयोगी पडतो. त्याच्या प्रोसेसरनुसार वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. तो ठेवायला नवे कार्ड घ्यावेच लागते असे नाही. जुन्या आयएसए नेटवर्क कार्डांवर ‘बूट रॉम’साठी एक रिकामे सॉकेट असायचे. प्रोग्राम लिहिलेली चिप त्यात बसवायची आणि कार्डाच्या जंपरने किंवा सेटअप प्रोग्रामने रॉम चालू करायचा. नेटवर्क कार्ड इथे फक्त त्या चिपला जागा देते. डिस्क आधीच्याच आयडीई पोर्टला राहते. डिस्कऐवजी अडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डही चालते. बायोस सेटअपमध्ये मात्र त्या डिस्कच्या जागी ‘नन’ निवडावे लागते, म्हणजे जुना आणि नवा प्रोग्राम एकाच डिस्कवर हक्क सांगत नाहीत.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. या उपायाने बायोसची मर्यादा जाते, डॉसची नाही. एमएस-डॉस ६.२२ मध्ये एक पार्टिशन दोन गिगाबाइटच्या वर नेता येत नाही.

पेंटियमच्या यंत्रांचे आणि मॅकचे काय?

पीसीआय खाच असलेल्या यंत्रात साटा कार्ड बसते. सिलिकॉन इमेज कंपनीच्या ३११२ आणि ३११४ या चिपची कार्डे या कामासाठी ओळखीची आहेत. त्यांच्यासाठी दोन प्रकारचे फर्मवेअर निघाले होते. एक ‘रेड’, म्हणजे अनेक डिस्कचा गट करून वापरण्यासाठी, आणि दुसरे साधे ‘बेस’. एकच डिस्क लावायची असेल तर बेस फर्मवेअर पुरते, म्हणून रेडचे कार्ड पुन्हा फ्लॅश केले जाते.

पॉवर मॅक जी४ सारख्या यंत्रात हेच पीसीचे कार्ड खाचेत बसते, पण त्यावरून यंत्र सुरू होत नाही. पीसीच्या कार्डावरचा प्रोग्राम इंटेलच्या भाषेत असतो. मॅकचे ‘ओपन फर्मवेअर’ फोर्थ या भाषेवर बेतलेला प्रोग्राम मागते. त्यासाठी मॅकचे फर्मवेअर लिहावे लागते. अनेकदा मूळ चिपमध्ये ते मावत नाही, म्हणून ती काढून मोठी चिप सोल्डर करावी लागते. दुसऱ्या कंपनीचे फर्मवेअर आपल्या कार्डात घालताना कॉपीराइटचा प्रश्नही उरतोच.

धोके कोणते?

चुकीचा प्रोग्राम लिहिला गेला किंवा लिहिताना वीज गेली, तर कार्ड निकामी होऊ शकते. कधी ते लावल्यावर संगणक सुरूच होत नाही. चिप सॉकेटमध्ये असेल तर ती काढून बाहेरच्या प्रोग्रामरवर पुन्हा लिहिता येते. सोल्डर केलेली असेल तर काम वाढते. म्हणून चिपवरचा क्रमांक नोंदवणे, त्यातला मूळ प्रोग्राम आधी वाचून जपून ठेवणे, नवा लिहिल्यावर तो पडताळणे आणि पहिली चाचणी कोऱ्या डिस्कवर घेणे हा क्रम मोडू नये. मदरबोर्डवरची जुनी रिचार्जेबल बॅटरी गळली असेल, तर ती आधी काढावी. तिच्या द्रवाने तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात.

बेलवलीत बसून हे जमेल का?

जमेल. चिप लिहायचा प्रोग्रामर यूएसबीवर चालतो. सुट्या चिप आणि अडॅप्टरसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. बदलापूरहून लोकलने दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. सोल्डर केलेली चिप काढायची असेल तर गरम हवेचे यंत्र असलेला मोबाइल दुरुस्तीवाला ते काम करू शकतो.

पण बदलापूरकरांसाठी यातला खरा प्रश्न वेळेचा आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुराने या शहराला गाठले. दुसऱ्या वेळी तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली होती. नदीकाठच्या अशा शहरात तळमजल्यावरच्या एकमेव डिस्कवर हिशेब, हस्तलिखिते किंवा संस्थेची कागदपत्रे ठेवणे धोक्याचे आहे, मग संगणक कितीही व्यवस्थित चालत असो.

म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा. जुनी डिस्क अजून फिरत असेल तर कार्डाला हात लावण्याआधी आयडीई-यूएसबी अडॅप्टरने तिची संपूर्ण प्रतिमा आजच्या संगणकावर घ्यावी. फार जुन्या डिस्क या अडॅप्टरला जुमानत नाहीत. तेव्हा ३८६ किंवा ४८६ मध्येच जुनी डिस्क आणि कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड दोन्ही जोडून फाइली उतरवता येतात, आणि ते कार्ड ओळखण्यासाठीच रिफ्लॅश केलेली चिप लागते. एक प्रत घरात, दुसरी वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे ठेवावी. त्यानंतर यंत्र पुन्हा चालते करून, त्या फाइली उघडून, युनिकोडमध्ये आणायला सवड मिळते. कार्ड बिघडले तर दुसरे मिळेल. डिस्कवरच्या मजकुराची दुसरी प्रत मात्र आपण केली तरच असते.