वस्ताद, जिमचा ट्रेनर आणि आपली पोरं

या पानावर आमच्याकडून हुमणीचा नाही तर खोडवा व्यवस्थापनाचा लेख अपेक्षित असतो. परंतु अलीकडे गटात फिरताना बांधावर उसाइतकेच प्रश्न जिमविषयी येऊ लागले आहेत. "साहेब, पोरगं महिन्याची फी भरतंय ती भरतंय, वर डब्याला पैसे मागतंय. हे ट्रेनर लोक करतात तरी काय?" असे एका सभासदाने विचारले. सवाल रास्त आहे. म्हणून आम्ही तालुक्याच्या गावी एका जाणत्या ट्रेनरचे काम तीन दिवस संध्याकाळी बसून पाहिले, आणि डॉक्टर मंडळींशीही बोललो.

खरे म्हणजे ट्रेनर हा प्राणी आपणांस नवा नाही. तालमीतला वस्ताद तो हाच. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरास कुस्तीचे माहेरघर केले, खासबाग मैदान उभे केले, आणि पुढे आपल्या भागातील कित्येक साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले. या सगळ्यामागे वस्ताद होता. तो सगळ्या पोरांना एका मापाने जोर-बैठका देत नसे. कुणाला आखाडा उकरायला लावी, कुणाला नुसते लढवी, कुणाचा खुराक वाढवी. पोराचे हाड आणि भूक दोन्ही त्याला ठाऊक असत.

चांगला ट्रेनरही पहिल्या दिवशी वजनाला हात लावू देत नाही. आधी विचारतो: छातीत दुखते का, चक्कर येते का, रक्तदाब किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत का, जुना मार आहे का. मग नाडी, वजन आणि कमरेचा घेर. आपल्याकडच्या पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईचा 80 च्या वर गेला, की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो असे डॉक्टर सांगतात. काही संशय वाटला की हा ट्रेनर सरळ डॉक्टरांची चिठ्ठी आणायला धाडतो. थोडक्यात हे माती परीक्षणच. (ते न करता खत टाकणारे सभासद आहेतच, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

नंतरचे काम अवघड, ते म्हणजे माणसाचे मागणे ताळ्यावर आणणे. आमच्यासमोर 48 वर्षांचे एक गृहस्थ आले. मुलीचे लग्न दोन महिन्यांवर, आणि तोवर वीस किलो उतरवायचे म्हणाले. ट्रेनर हसला नाही. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा सोसणारा वेग, म्हणजे आठ आठवड्यांत चार ते आठ किलो, असा हिशेब त्याने वहीत मांडून दाखविला. मग विचारले, "काका, जिना चढताना दम लागतो का?" लागत होता. तेव्हा पहिले उद्दिष्ट ठरले ते न थांबता दोन मजले चढण्याचे. गुडघे धरलेल्या एका भगिनीला तर त्याने यंत्राजवळ नेलेच नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे एवढेच दिले. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

व्यायामाचे मर्म भार हळूहळू वाढविण्यात आहे. 1945 साली थॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांच्या दुबळ्या पायांना क्रमाक्रमाने वाढते वजन देऊन ही पद्धत शास्त्रात आणली. स्नायूवर ताण पडतो व्यायामात, पण तो भरतो विश्रांतीत आणि झोपेत. म्हणून ट्रेनर एकाच अंगाला रोज राबवीत नाही. उसाला युरियाचे सगळे हप्ते एका दिवशी घातले तर पाला हिरवागार दिसतो, पण ऊस लोळतो आणि उतारा घटतो, हे आपणांस सांगायला नको.

आणि हेच आम्हांस सर्वांत महत्त्वाचे सांगावयाचे आहे. काही जिमच्या आडोशाला इंजेक्शने मिळतात. मेफेंटरमाइन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी आहे. पोरं ते जोर येतो म्हणून टोचून घेतात. काळजाचे ठोके बेफाम होतात आणि पुढे त्याची चटक लागते. स्टेरॉइडने दंड फुगतो खरा, पण यकृत व हृदय बिघडते, आणि शरीर स्वतःचे पुरुषी संप्रेरक बनविणे कमी करते. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून धावाधाव करण्याची वेळ त्यातून येऊ शकते. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देणाऱ्याला ट्रेनर म्हणू नये.

डब्यातली पावडर त्या मानाने निराळी. चांगल्या कंपनीची असेल तर ती बहुधा दुधापासूनच काढलेली प्रथिने असतात. पण वजन मारणाऱ्या 60 किलोच्या तरुणाला दिवसाला 90 ते 100 ग्रॅम प्रथिने पुष्कळ झाली. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, शंभर ग्रॅम हरभऱ्यात 20 च्या आसपास, लिटरभर दुधात तीसेक. गोठ्यात म्हैस असलेल्या घराने डब्यासाठी उसनवारी का करावी?

घाई हा खरा रोग आहे. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीतल्या पैलवानाला गादीवरच्या कुस्तीची सवय करायची होती. पुढचा वजनगट घेऊन 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधली चार वर्षे मेहनतीची होती. आणि आमची पोरं नव्वद दिवसांचा वायदा करणाऱ्या पाटीकडे बघून पैसे भरतात!

"आम्ही शेतात राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?" असेही विचारतात. पूर्वी खरे होते. आता बांधापर्यंत मोटारसायकल जाते आणि मोटार मोबाईलवरून चालू होते. आठवड्याला 150 मिनिटे झपाझप चालणे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, एवढे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यास जिम लागत नाही.

पोरगं जिमला जात असेल तर वडिलांनी एकदा सोबत जावे. ट्रेनरने वही ठेवली आहे का, ती पाहावी. त्यात पोराचे वजन, उचललेला भार, दुखापत, सुट्टीचे दिवस लिहिलेले असतील तर निर्धास्त राहावे. वही नसेल आणि पहिल्याच दिवशी डबा पुढे केला, तर दुसरी जिम शोधावी. इंजेक्शनचा विषय निघाला, तर पोराला त्याच पावली घरी आणावे.