नवी घोंगडी टोचणारच

घोंगडीचं निम्मं काम मागावर नाही, उघड्यावर चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीत घोंगडी विणणाऱ्या सणगरांनी ताणा लावला होता. काळ्या लोकरीचे धागे लांबवर ताणलेले, आणि बाजूला पातेल्यात चिंचोक्यांची खळ. भिजवलेले चिंचोके कुटून शिजवले की ही चिकट लापशी तयार होते. कुंचा तिच्यात बुडवायचा आणि धाग्यांवरून ओढत न्यायचा. सुरुवातीला धागा केसाळ, सुरवंटासारखा दिसतो. कुंचा पुन्हा पुन्हा फिरला की केस बसतात आणि धागा ताठ होतो. मग ऊन लागतं. आभाळ आलं की काम अडलं. घोंगडीची खरी गरज पावसाळ्यात, आणि तेव्हाच ताणा वाळत नाही!

एवढी खटपट कशासाठी? दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि आखूड. ती पिंजून बायका चरख्यावर कातून देतात. हा धागा कुठे जाड, कुठे बारीक निघतो. खळीविना मागावर घासून तुटेल. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, धोटा या हातातून त्या हातात जातो. रंग द्यावा लागत नाही, मेंढीचा असेल तोच घोंगडीचा.

याच भरड केसांमुळे घोंगडी अंथरायला चांगली. लोकरीचा केस मुळात नागमोडी असतो, दाबला तरी पुन्हा फुगतो. केसांमधल्या पोकळीत हवा अडकते आणि जमिनीचा गारठा वर येत नाही. घामाची वाफ केस आत ओढून घेतो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. उलट ओलावा शोषताना ती थोडी उष्णता सोडते. रानात मेंढरांच्या वाड्याशेजारी ओलसर जमिनीवर झोपणाऱ्या धनगराला हे कुणी शिकवायला नको.

विणकरानं एक धागा काडीपेटीवर धरून दाखवला. जळक्या केसांचा वास आला, टोकाला काळी गाठ धरली, काडी बाजूला घेताच विझला. गाठ बोटांत चुरून भुगा झाली. शेजारच्या, यंत्रावर विणलेल्या ‘घोंगडी’चा धागा वितळला आणि थेंब घट्ट झाला. विकत घेताना ही परीक्षा कामी येते.

घोंगडीवर साप येत नाही, पाठदुखी कायमची जाते, असंही विक्रेते सांगतात. त्यावर माझा विश्वास नाही, आणि घोंगडीला या थापांची गरजही नाही. नाजूक कातडीला ती टोचते, कसर लागते, हेही खरं. धुवायची ती थंड पाण्यात, न चोळता. गरम पाण्यात घासली तर केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटते. दर धुण्यात खळ निघत जाते, तशी ती मऊ पडते.

मटणाला भाव असल्यानं अनेक मेंढपाळ आता कमी लोकरीची माडग्याळसारखी जात पाळतात. दख्खनीच्या लोकरीतून अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही.

‘‘यापेक्षा मऊ नाही का?’’ गिऱ्हाईक विचारतं. ‘‘जावळाची आहे की,’’ विणकर म्हणतो. कोकराच्या पहिल्या कातरणीची ती लोकर; हात लावला की फरक कळतो. मग तो किंमत सांगतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा साधी घोंगडी चाचपू लागतं.