घरातले विष आणि खाडीचा काठ

विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवारनगर व टागोरनगर या वसाहतींच्या पलीकडे ठाणे खाडीपर्यंत जो सखल, खारफुटीचा पट्टा पसरलेला आहे, त्यालाच लागून उत्तरेकडे कांजूरमार्गची क्षेपणभूमी असून मुंबईत रोज निर्माण होणाऱ्या कचऱ्याचा बहुतांश भाग आज तेथेच येऊन पडतो. घरातून बाहेर टाकलेली वस्तू कुठेतरी लांब निघून जाते, हा समज शहराच्या इतर भागांत टिकू शकतो. विक्रोळीत तो टिकत नाही. क्षेपणभूमीच्या दुर्गंधीविषयी येथील रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत, आणि २०२५च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ही जमीन संरक्षित वन असल्याचा निकाल दिला, ज्याला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. दुर्गंधी निदान जाणवते तरी. याच कचऱ्यातून जाणारे पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू आणि कीटकनाशकांचे अंश नाकाला कळत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी तक्रारही होत नाही.

असा कचरा कारखान्यांतूनच येतो असे मानण्याचे कारण नाही. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ‘घरगुती घातक कचरा’ हा वेगळा वर्ग मानला आणि रंगाचे रिकामे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल दिवे व ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज यांचा त्यात समावेश केला. यांपैकी चार-दोन वस्तू नाहीत असे घर मुंबईत क्वचितच सापडेल.

यांत पाऱ्याचा विचार विक्रोळीसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. ट्यूबलाइटमध्ये किंवा सीएफएलमध्ये पारा अवघा काही मिलिग्रॅम असतो; मात्र दिवा फुटताच त्याची वाफ हवेत मिसळते आणि उरलेला अंश कचऱ्याबरोबर जातो. खाडीच्या, विशेषतः खारफुटीखालच्या प्राणवायूविरहित चिखलात राहणारे जिवाणू पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरी या सेंद्रिय संयुगात रूपांतर करतात, जे माशांच्या शरीरात साठत जाते आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे, तेथून माणसाच्या ताटात पोहोचताना अधिकाधिक तीव्र होते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला मज्जासंस्थेचा भीषण आजार याच संयुगाने झाला होता. तेथे पारा एका कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता आणि त्याचे प्रमाण घरगुती कचऱ्याशी तुलना करण्याजोगे नव्हते, तरी चिखल, मासा आणि माणूस ही साखळी सर्वत्र सारखीच असते. ज्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तिच्या काठी ही साखळी दुर्लक्षित ठेवणे परवडणारे नाही.

दिवा किंवा थर्मामीटर फुटल्यास खिडक्या उघडून, पंखा बंद ठेवून, मुलांना दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर ठेवावे. नंतर झाडू न वापरता जाड कागदाने तुकडे व पाऱ्याचे थेंब गोळा करून, उरलेले कण चिकटपट्टीने टिपून, सारे झाकणाच्या बरणीत बंद करावे. न फुटलेली ट्यूब तिच्याच पुठ्ठ्याच्या वेष्टनात ठेवणे उत्तम.

बॅटऱ्यांचा धोका निराळा आहे. मोबाइल, पॉवर बँक आणि खेळण्यांतील लिथियम बॅटरी कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडली गेली की पेट घेऊ शकते. म्हणून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावी. औषधांबाबत सरसकट मोरीत ओतण्याची सवय सोडणे आवश्यक आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, डायझेपाम आदी १७ औषधे तेवढी शौचालयात टाकून पाणी सोडावे असे सांगितले, कारण ती चुकून दुसऱ्याच्या हाती लागल्यास जिवावर बेतू शकते. इतर औषधे, विशेषतः प्रतिजैविके, सांडपाण्यात जाऊ देऊ नयेत. फरशी पुसण्याचे ब्लीच आणि शौचालयाचे आम्ल शिल्लक राहिले म्हणून कधीही एकत्र ओतू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सुयांचा प्रश्न मात्र थेट माणसाच्या हाताचा आहे. इन्सुलिन घेणारा रुग्ण आज प्रत्येक इमारतीत आहे आणि त्याची सुई सुक्या कचऱ्याच्या पिशवीत गेली, तर ती सफाई कामगाराच्या किंवा कचरावेचक बाईच्या बोटात शिरते व हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही यांच्या संसर्गाचा धोका निर्माण करते. जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या रिकाम्या बाटलीत सुया जमवणे एवढी काळजी फुकट घेता येते, आणि ती न घेणे हा त्या कामगारांवर होणारा अन्याय आहे.

वेगळे ठेवलेले कुठे द्यायचे, हा खरा अडसर. २०१६च्या नियमांत दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याहून कमी क्षेत्राला एक जमा केंद्र अपेक्षित होते. परंतु जुन्या म्हाडा इमारतीतील वृद्ध रहिवाशाने दोन ट्यूब घेऊन एवढ्या विस्तारातले एक केंद्र गाठावे ही अपेक्षा अवाजवी आहे. मुंबई महानगरपालिकेने २०२५ मध्ये सुरू केलेली नोंदणीवर आधारित सेवा या दृष्टीने अधिक शहाणपणाची आहे. तीत सॅनिटरी नॅपकिन, डायपर, कालबाह्य औषधे, सुया आदी कचरा सोसायटीतूनच स्वतंत्रपणे नेला जातो. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनीही ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग बंधनकारक केले आहेत. म्हणून नोंदणी एकेका कुटुंबावर न सोडता सोसायटीने करावी आणि तळमजल्यावर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी एक कुलूपबंद पेटी ठेवावी.

कन्नमवारनगरात जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू असल्याने ही गोष्ट तातडीची आहे. घर रिकामे करताना कित्येक वर्षांच्या ट्यूब, थिनर, अर्धवट रंग, उंदराचे औषध आणि गोळ्यांच्या पट्ट्या एकाच आठवड्यात बाहेर पडतात आणि राडारोड्यात मिसळल्या की पुन्हा वेगळ्या काढता येत नाहीत. तेव्हा घराच्या चाव्या विकासकाकडे देण्याच्या नोटिशीतच या वस्तूंच्या संकलनाचा दिवस सोसायटीने नमूद करावा.