नदी एक, धनी अनेक

यवतमाळहून धामणगांव रेल्वेकडे जाणाऱ्या सडकेवर बाभुळगांव हें तालुक्याचें ठिकाण लागतें. कपाशी व तूर यांवर, आणि अलीकडे सोयाबीनवर, ज्यांचा संसार चालतो अशा शेतकऱ्यांचा हा मुलूख. याच तालुक्यांत खडक सावंगा गांवापाशीं बेंबळा नदीवर मोठें धरण उभें आहे. धरणासाठीं जमिनी व घरें गेलीं तीं जवळपासच्या गांवांचीं. पाण्याचे वाटेकरी मात्र दूरवर पसरलेले. कालवा तालुक्याची शीव ओलांडून कळंब, राळेगांव व मारेगांव यांकडे जातो. यवतमाळ शहराचीहि नजर याच जलाशयावर आहे. निळोणा व चापडोह या आपल्या जुन्या तलावांवर तें शहर वर्षानुवर्षें विसंबून होतें. २०१८ च्या उन्हाळ्यांत त्या तलावांनीं तळ गाठला आणि घरोघरीं टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. 'अमृत' योजनेखालीं बेंबळ्याचें पाणी शहरास आणण्याचें काम निघालें तें याच टंचाईच्या काळांत.

या एका जलाशयाचा कारभार तरी कोणाकडे आहे? धरण व कालवे विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाचे. शहराचे नळ जीवन प्राधिकरणाचे. ज्यांचीं घरें पाण्याखालीं गेलीं त्यांचें पुनर्वसन महसूल खात्याचें. शेतांत पाणी पोंचल्यावर पुढील सल्ला कृषि खात्याचा. प्रत्येक खात्याचा अधिकारी आपापल्या जागीं अगदीं बिनचूक असूं शकतो, आणि तरीहि कालव्याच्या शेवटच्या शेतांत पाणी न पोंचणें शक्य असतें. दोष कोणाचाच नाहीं, पण पीक मात्र वाळलें! आधुनिक राज्यकारभारांतील सर्वांत अवघड कोडें तें हेंच. कामाची वांटणी केल्यावांचून कारभार चालत नाहीं, आणि वांटणी केली म्हणजे दोन वांटण्यांच्या सांध्यावर कोणाचीच नजर राहत नाहीं.

बेंबळा पुढें वर्धा नदीस मिळते, आणि तेथें हे सांधे मोठे होतात. वर्धा उगम पावते ती मध्यप्रदेशांत, मुलताईच्या पठारावर. खालीं उतरल्यावर बराच पल्ला ती नुसती नदी नसून सरहद्द आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं सोंपविलें, तेव्हां नदीच्या पश्चिम तीराचा कारभार वेगळा आणि पूर्वेच्या नागपूर मुलखाचा वेगळा, असें झालें. १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांतास जोडण्यांत आलें. १९५६ मध्यें दोन्ही तीर मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आले. तथापि जुनी रेघ पुसली गेली नाहीं. आजहि यवतमाळ जिल्हा अमरावती विभागांत मोडतो आणि समोरचा वर्धा जिल्हा नागपूर विभागांत. पूर येतो तो मात्र दोन्ही तीरांवर एकाच रात्रीं.

याच्याहि पुढें वर्धेला पैनगंगा मिळते, नंतर वैनगंगा. त्या जोडप्रवाहास प्राणहिता म्हणतात, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरींत विलीन होते. आतां प्रश्न जिल्ह्यांचा न राहतां राज्यांचा होतो. गोदावरीच्या पाण्याच्या तंट्यासाठीं १९६९ मध्यें न्यायमूर्ति बचावत यांच्या अध्यक्षतेखालीं लवाद नेमण्यांत आला. महाराष्ट्र व आंध्रप्रदेश यांनीं ६ ऑक्टोबर १९७५ रोजीं आपसांत करार केला, आणि १९८० मध्यें लवादाचा अंतिम निवाडा झाला. पैनगंगेवरील निम्न पैनगंगा धरण हें दोन राज्यांचें संयुक्त काम ठरलें. पाण्याचे हिस्से ८८ व १२ असे वांटले गेले. हिस्से ठरले, पण पुढें कित्येक दशकें धरण रखडलें. जीं गांवें बुडणार त्यांचा विरोध हें त्याचें एक मोठें कारण. हिस्सा पाण्याचा ठरवितांना बुडणाऱ्या शिवाराचा धनी त्या मेजापाशीं नव्हता, हें विसरून चालावयाचें नाहीं.

तेलंगण वेगळें झाल्यावर २०१६ च्या ऑगस्टमध्यें मुंबईस नवे करार झाले. प्राणहितेवरील तुमडीहेटी येथील बंधाऱ्याची पातळी तेलंगणास १५२ मीटर हवी होती. महाराष्ट्रांतील जमीन बुडूं नये म्हणून ती १४८ मीटर ठरली. गोदावरीवरील मेडीगड्डा बंधाऱ्याची पातळी १०० मीटर मान्य झाली. तो बंधारा उभा राहिला, आणि फुगवट्याच्या पाण्यानें पिकें बुडाल्याची तक्रार सिरोंच्याचे शेतकरी करूं लागले. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याचे कांहीं खांब खचले. चार मीटरांवर घासाघीस करणें कठीण असतें, यांत शंका नाहीं. परंतु पाणी चढल्यावर पलीकडच्या राज्यांतील शेतकऱ्यानें दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न त्याहूनहि कठीण ठरला.

अशा वेळीं पुष्कळांस वाटतें कीं, एकछत्री सत्ता असती तर हा सारा घोळ झाला नसता. चीनचा अनुभव या बाबतींत पाहण्याजोगा आहे. तेथें पीत नदीचें पाणी प्रांताप्रांतांत वांटून देणारी योजना १९८७ मध्येंच झाली होती. तरी प्रत्येक प्रांत आपल्या दरवाजांतून हवें तेवढें पाणी ओढीत राहिला, आणि १९९७ मध्यें त्या महानदीचा खालचा भाग २२६ दिवस कोरडा पडला! हुकूम पेकिंगचा होता. दरवाजाची किल्ली प्रांताच्या हातीं होती. १९९९ पासून नदीच्या आयोगानें सगळ्या पाण्याचें एकत्र नियंत्रण सुरू केलें, तेव्हां कोठें प्रवाह अखंड झाला.

दुसरा धडा ताइहू सरोवराचा. २००७ मध्यें त्यांतील शेवाळ इतकें माजलें कीं वूशी शहराचें पिण्याचें पाणी नासलें. तेथील सरकारनें प्रत्येक नदीनाल्यास एक 'नदीप्रमुख' नेमला. हा नवा अधिकारी नव्हे. असलेल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याच्या गळ्यांत ती जबाबदारी बांधण्यांत आली, आणि कांठावर त्याच्या नांवाची पाटी लागली. २०१६ च्या अखेरीस ही पद्धति सर्व देशास लागू झाली. तिनें निदान नांव विचारण्याची सोय केली. पण प्रमुखाची बदली झाली कीं उत्साह ओसरतो, आणि आपल्या हद्दीबाहेर घाण गेली म्हणजे सुटलों, ही वृत्तिहि संपत नाहीं.

म्हणून शिनआन नदीचें उदाहरण अधिक मोलाचें वाटतें. ही नदी आन्ह्वेइ प्रांतांत उगम पावते आणि शेजारच्या च्यच्यांग प्रांतांतील एका विस्तीर्ण जलाशयास पाणी पुरविते. वरचा प्रांत गरीब. त्यास कारखाने हवे. खालचा धनवान, त्यास निर्मळ पाणी हवें. २०१२ पासून दोघांत एक विलक्षण पैज लागली. सरहद्दीवर एक ठिकाण निश्चित झालें आणि पाण्यांतील चार द्रव्यांची मोजणी ठरली. पाणी ठरल्याइतकें शुद्ध आलें तर खालच्या प्रांतानें वरच्यास वर्षाला १० कोटी युआन द्यावयाचे. न आलें तर वरच्यानें खालच्यास तितकेच द्यावयाचे. मध्यवर्ती सरकारनें आपले ३० कोटी त्यांत घातले. प्रेमाचा येथें प्रश्नच नव्हता. दोन्ही पक्षांस मान्य असें एकच माप होतें आणि त्या मापावर पैसा लावलेला होता, म्हणून ती पैज टिकली.

महाराष्ट्रालाहि असें माप अगदींच अपरिचित नाहीं. २००५ च्या कायद्यानें जलसंपत्ति नियमन प्राधिकरण स्थापन झालें, आणि त्याच्या २०१४ च्या आदेशांत १५ ऑक्टोबर ही तारीख पुढें आली: त्या दिवशीं जायकवाडींतील साठा ६५ टक्क्यांच्या खालीं असेल, तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनीं पाणी सोडावयाचें. भांडणें थांबलीं नाहींत. न्यायालयाचीं पायरीहि चढावी लागली. परंतु भांडण कोणत्या आंकड्यावर करावयाचें, हें तरी ठरलें.

बेंबळ्याच्या कालव्यावर असें माप बसविण्यास कायदा आडवा येत नाहीं. उलट २००५ च्याच दुसऱ्या कायद्याप्रमाणें शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेस पाणी घनमापानें मोजून द्यावयाचें आहे. मोजपट्टी बसवावयाची जागा म्हणजे वितरिकेचें मुख. तेथील आंकडा बाभुळगांवच्या शेतकऱ्यास, मारेगांवच्या टोंकाच्या शेतकऱ्यास आणि यवतमाळच्या नळवाल्या कचेरीस एकाच दिवशीं वाचतां आला पाहिजे. प्राणहितेवर टेकडा येथें केंद्रीय जल आयोग नदीचें पाणी मोजतो. तेथून वर चढत आलें तर खडक सावंग्याच्या दरवाजापर्यंत या मोजणीची सांखळी जोडतां येण्यासारखी आहे.