कागदाकडे न बघता

डोळा लाल भोपळ्याच्या देठावर ठेवायचा आणि पेन कागदावर. डोळा कडेनं सरकेल तेवढ्याच वेगानं पेन सरकवायचं. रेघ पुरी होईपर्यंत कागदाकडे बघायचं नाही, पेनही उचलायचं नाही. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत सकाळी स्केचिंगला बसलं की मी सुरुवात याच खेळानं करतो. निघालेलं चित्र बघून हसू येतं. देठ भोपळा सोडून भलतीकडेच लोंबत असतो आणि रेघ निघाली तिथे परत येतच नाही. पण दोन फाकांमधली खाच कुठे खोल आहे, कुठे उथळ, हे त्या वेड्यावाकड्या रेघेत बरोब्बर उतरलेलं असतं. कागदाकडे बघत, सांभाळून काढलेल्या भोपळ्यात ते सहसा येत नाही. तिथे हात आपला पाठ असलेला भोपळा काढून मोकळा होतो.

आपल्याकडे चित्रकला म्हटलं की एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा. वस्तुचित्रात तांब्याच्या मधोमध उभी रेषा मारायची, हात लांब करून पेन्सिलीवर माप घ्यायचं, दोन्ही बाजू सारख्या आल्या पाहिजेत. त्या शिस्तीला मी नावं ठेवणार नाही. प्रमाण कळतं ते तिथेच. गंमत स्मरणचित्रात होते. बाजाराचं दृश्य काढा म्हटलं की वर्गभर त्याच त्या बायका तीच ती टोपली घेऊन उभ्या राहतात, कारण आकृत्या आधीच घोटून ठेवलेल्या असतात. चूक होऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. चूक होत नाही, आणि बाजारही येत नाही.

खरा बाजार थांबत नाही. डोक्यावर पाटी घेतलेला हमाल समोरून जायला अर्धं मिनिट घेतो. तेवढ्यात नाक-डोळे काढायला गेलात तर हाती नाकच उरेल. मग पाटीपासून मानेतून, पाठीच्या कण्यातून थेट टाचेपर्यंत एकच रेघ ओढायची. भार कुठे पडलाय, कंबर कुठल्या बाजूला गेलीय, पाटीला लावलेला हात ताठ आहे की सैल, एवढंच बघायचं. माणूस दिसतो कसा यापेक्षा तो करतोय काय, हे पकडायचं. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणाऱ्या किमॉन निकोलायडीस यांनी अशा झटपट ‘जेस्चर’ रेखाटनांवर फार भर दिला होता. त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली निघालेलं त्यांचं पुस्तक चित्रकलेचे विद्यार्थी अजून वापरतात. आपले व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला होता. तरी ते आयुष्यभर कावळे काढत राहिले, आणि कावळा काही कुणासाठी पोझ देत बसत नाही.

खोडरबर मी बरोबर नेत नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि तिच्या शेजारी दुसरी मारायची. कोथिंबिरीची जुडी बांधणाऱ्या मावशींच्या मनगटाला अशा दोन-तीन रेघा पडल्या की मनगट हलल्यासारखं वाटतं. एका स्वच्छ रेघेत ते थिजून जातं. बोरू असेल तर आणखी मजा. त्यातली शाई कधी संपेल ते आपल्या हातात नसतं. संपत आली की रेघ खरखरीत, तुटक होते आणि बटाट्याच्या पोत्याचं तरट आपोआप उमटतं. कागदाचं म्हणाल तर भारी स्केचबुकाच्या पहिल्या पानावर भलेभले आखडतात. पाठकोऱ्या कागदावर तेच हात कसे मोकळे सुटतात!

मात्र घाईनं काढलेलं सगळंच जिवंत असतं असं नाही. हल्ली मुद्दाम थरथरवलेल्या रेघांची फॅशन आहे. समोर न बघता हात नुसता हलवला तर तो थरथराटही पाठ होतो, पाठ झालेल्या भोपळ्यासारखाच. हुबेहूबपणाचा हट्ट सोडायचा म्हणजे कागदावरचं लक्ष काढून समोरच्या वस्तूला द्यायचं. हे निवांत बसून काढण्यापेक्षा जास्त दमवतं. तासाभरानंतर माझे तरी डोळे आधी थकतात, हात नंतर.

मंडईपर्यंत जायची गरजही नाही. जुन्या बिलांचा गठ्ठा आणि एक बॉलपेन घ्या, घरात भाजी निवडत बसलेल्या माणसासमोर बसा आणि जुडी संपायच्या आत निदान पाच चित्रं काढा. ती सारखी करू नका, कुणाला दाखवू नका, फाडूही नका.