म्हातारपणी गाव सुटू नये म्हणून

गणपती-शिमग्याला कोकणातली घरं भरतात आणि आठवड्याभरात पुन्हा कुलपं लागतात. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. अनेक वाड्यांमध्ये मागे राहतात ती सत्तरीपुढची माणसं. चाकरमानी मुलं पैसे पाठवतात, रोज फोनही करतात. पण रात्री न्हाणीघरात पाय घसरला, तर हाक ऐकायला शेजारी कुणी नसतं.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात दर जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ज्याला कुणीच नाही, त्याला तो आसरा हवाच. पण ज्या आजीचं सगळं जग वाडीतल्या देवळात आणि समोरच्या पडवीत आहे, तिला तालुका ओलांडून नेणं क्रूर आहे. तिला हवीत ती गावातच, एका सामायिक स्वयंपाकघराभोवती बांधलेली सहा-आठ छोटी घरं.

बांधकाम अवघड नाही, मात्र ते म्हाताऱ्या पायांच्या मापाने व्हायला हवं. पावसामुळे कोकणात जोतं उंच घेतात. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बाराचा उतार लागतो, म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फुटांचा उतार. तेवढी जागा नकाशातच सोडावी लागते, नाहीतर शेवटी पायऱ्याच बांधल्या जातात. संडास परसात नको, खोलीला लागून हवा.

खरी गाठ जमिनीशी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालानंतर गायरानाची वाट जवळपास बंद झाली. खासगी जमिनीच्या सातबाऱ्यावर नावांची रांग, आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत. म्हणून तुकडा लहान असला तरी चालेल, पण कागद स्वच्छ असलेलीच जमीन घ्यावी आणि ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या न्यासाच्या नावावर करावी.

मग घर कुणाचं? इथे इंग्लंडमधल्या खेड्यांचा अनुभव कामाचा आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या यूएल्म गावात विल्यम द ला पोल आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस चॉसर यांनी १४३७ मध्ये तेरा गरीब माणसांसाठी चर्चला लागून घरं उभारली. तिथे आजही लोक राहतात. अशा धर्मादाय घरांत राहणारा मालक नसतो आणि भाडेकरूही नसतो. तो विश्वस्तांच्या परवानगीने राहतो आणि देखभालीसाठी ठरावीक रक्कम देतो. त्याच्या माघारी वारसांचा प्रश्न उद्भवत नाही, खोली पुढच्या गरजूला मिळते. आपल्याकडेही हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून, मुलांना समोर बसवून वाचून दाखवावं.

यूएल्मच्या दात्यांचं मोठं शहाणपण पुढेच आहे. आपण देवस्थानाला जमीन लावून देतो, तसं त्यांनी तीन जहागिरींचं उत्पन्न या घरांना कायमचं जोडून दिलं. भिंती एकदाच बांधाव्या लागतात, चूल मात्र रोज पेटवावी लागते. श्रावणबाळ योजनेच्या महिना दीड हजारात दोन वेळचं जेवणही भागत नाही.

गावोगावची मुंबईतली ग्रामस्थ मंडळं देवळाच्या जीर्णोद्धाराला मोठमोठ्या रकमा उभ्या करतात. वर्गणी गोळा करायची, हिशेब सभेत मांडायचा, ही सवय त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्यांनीच यात उतरावं. पण वर्गणीतून आधी ठेव ठेवावी, तिच्या व्याजातून स्वयंपाकीण आणि रात्री मुक्कामाला थांबणारी मदतनीस यांचा पगार निघतो का ते पाहावं, आणि तो निघत असेल तरच पाया खणायला घ्यावा.