कचऱ्याचे आरक्षण : छत्रपती संभाजीनगरच्या पुढील वीस वर्षांचा विचार

नगररचनेत पाणी, रस्ते, शाळा आणि स्मशानभूमी यांच्यासाठी जागा आधी राखून मग वस्ती वाढू द्यावी, असा संकेत आहे. कचऱ्याच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रातील अनेक शहरांत हा क्रम उलटा झाला, म्हणजे वस्ती वाढली, तिच्यामागोमाग कचरा वाढला आणि जागेचा शोध संकट दाराशी आल्यावरच सुरू झाला. छत्रपती संभाजीनगर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवले आणि पुढे काही वर्षांतच नहर-ए-अंबरीच्या रूपाने डोंगरपायथ्याचे पाणी खापरी नळांतून वस्तीपर्यंत आणले. शहरात काय यावे याचे नियोजन चार शतकांपूर्वी झालेल्या या गावात, शहरातून काय आणि कोठे बाहेर जावे याचे नियोजन मात्र विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत झाले नाही.

नारेगावचा धडा

महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे रोजगार आला, सिडकोची घरे उभी राहिली आणि २००१ च्या जनगणनेतील सुमारे ८.७३ लाखांची लोकसंख्या २०११ मध्ये ११.७५ लाखांवर पोहोचली. या सगळ्या काळात शहराचा मिश्र कचरा नारेगावच्या डेपोत टाकला जात होता. डेपो हा शब्द साठवण सुचवतो. पण तेथे तीन दशकांहून अधिक काळ जे घडले ते केवळ उघड्यावर ढीग रचणे होते. अशा ढिगात ओला कचरा हवेविना कुजतो, त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निघतो, म्हणून ढीग वारंवार पेटतात; पावसाचे पाणी त्यातून झिरपताना धातूंचे अंश आणि कुजके द्रव्य सोबत घेऊन विहिरींकडे जाते. या झिरपणाऱ्या काळ्या द्रवाला तांत्रिक भाषेत ‘लिचेट’ म्हणतात. परिसरातील मांडकी आणि शेजारच्या गावांनी धूर, दुर्गंधी, माश्या आणि बिघडलेले पाणी वर्षानुवर्षे सोसले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या.

त्यानंतर शहराच्या रस्त्यांवर आठवडेच्या आठवडे कचरा साचत राहिला. पर्यायी जागांचा शोध सुरू झाला. ७ मार्च २०१८ रोजी मिटमिटा येथे कचऱ्याच्या गाड्यांना झालेल्या विरोधातून दगडफेक आणि पोलिसी बळाचा वापर झाला. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले, महापालिका आयुक्तांची बदली झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली. मिटमिट्याच्या रहिवाशांचा विरोध अडाणीपणाचा होता असे मानणे अन्यायाचे ठरेल. नारेगावचे काय झाले हे त्यांनी पाहिले होते, आणि प्रकल्प येणार की दुसरा डेपो येणार याची खात्री त्यांना कोणी दिलेली नव्हती. नियोजनाअभावी शहर गमावते ती पहिली गोष्ट म्हणजे हा विश्वास.

गणित आणि नकाशा

संकटानंतर शासनाच्या निधीतून विकेंद्रित आराखडा तयार झाला. चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल येथे प्रत्येकी दररोज १५० टन कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे आणि कांचनवाडी येथे ३० टन ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस निर्माण करणारा प्रकल्प, अशी त्याची मांडणी होती. एका गावावर सगळा भार टाकण्यापेक्षा तो चार दिशांना वाटणे हे तत्त्व न्याय्य आहे आणि वाहतुकीचा खर्चही त्याने वाचतो. परंतु या चार केंद्रांची एकत्रित क्षमता ४८० टन होते, तर शहराचा कचरा दररोज ४०० ते ४५० टनांच्या घरात धरला जात आला आहे. म्हणजे १५० टनांचे एक केंद्र दुरुस्तीसाठी बंद पडले, तर उरलेल्या ३३० टनांत शहराचा दिवस भागत नाही.

पुढचे गणित अधिक कठोर आहे. २००१ ते २०११ या दशकातील लोकसंख्यावाढ वर्षाला सुमारे तीन टक्के पडते. कचरा त्याच वेगाने वाढला असे धरले, तर आजचे ४५० टन वीस वर्षांत ८०० टनांच्या पुढे जातात. खरेदीची आणि वेष्टनांची सवय वाढत गेल्यास त्याहून लवकर. बिडकीन आणि शेंद्रा येथील नवी औद्योगिक नगरी या हिशेबाच्या बाहेर ठेवता येणार नाही, कारण तेथील कामगारांची घरे याच शहराच्या आसपास उभी राहणार आहेत.

नकाशाही मोकळा नाही. प्रक्रियेनंतर उरलेला निरुपयोगी अंश तळाशी अस्तर घातलेल्या खड्ड्यात शास्त्रोक्त पद्धतीने पुरतात, त्या जागेला ‘लँडफिल’ म्हणतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार अशी जागा नदीपासून १०० मीटर, वस्ती आणि तलावापासून २०० मीटर दूर हवी होती; पक्ष्यांच्या थव्यांमुळे विमानांना धोका असल्याने ती विमानतळापासून २० किलोमीटरच्या आतही नको होती, आणि खास परवानगी मिळाली तरी दहा किलोमीटरच्या आत मुळीच नको होती. चिकलठाणा विमानतळाभोवती हे वीस किलोमीटरचे वर्तुळ काढले की महापालिकेची जवळजवळ सगळी हद्द त्यात सामावते. म्हणून या शहरापुढे पुरण्यायोग्य अंश शक्य तितका कमी करणे हा एकमेव व्यवहार्य मार्ग उरतो.

नदीचा विचार याहून निकडीचा आहे. शहरातून वाहणारी खाम नदी पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाकडे जाते, आणि शहर पिते ते पाणी त्याच जायकवाडीचे आहे. नाल्यात फेकलेली पिशवी शहराबाहेर जाते हा समज म्हणूनच खोटा आहे.

पुढील वीस वर्षांचा आराखडा

दीर्घकालीन नियोजनाचा पाया घराच्या उंबऱ्यावर आहे. ओला आणि सुका कचरा घंटागाडीपर्यंत वेगळा पोहोचला, तर बायोगॅसच्या टाकीत प्लास्टिक अडकत नाही आणि पुठ्ठ्याला भाव मिळतो. तो गाडीतच एकत्र झाला, तर कोट्यवधींची यंत्रेही निव्वळ चाळणी ठरतात. दुसरी पायरी प्रत्येक प्रभागात सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाची छोटी शेड असणे, ही आहे; आणि हे काम कचरावेचकांना सोबत घेऊन व्हावे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरच्या संकलनात उतरली. शहरातील भंगारवाले आणि कचरावेचक हीच पुनर्वापराची जुनी, विनाअनुदानित यंत्रणा आहे. २०१६ चे नियमही तिला सामावून घेण्यास सांगत होते.

तिसरी पायरी जमिनीची. याच नियमांनुसार औद्योगिक वसाहतीच्या विकासकाने एकूण क्षेत्राच्या किमान पाच टक्के जागा किंवा किमान पाच भूखंड पुनर्प्रक्रियेसाठी राखायचे होते. शेंद्रा-बिडकीनसारख्या अजून भरत असलेल्या वसाहतींत ही तरतूद आज पाळणे सोपे आहे, कारण भूखंड विकले गेल्यावर तीच जागा परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते. शहराच्या विकास आराखड्यातही प्रक्रिया केंद्रे, बांधकामाच्या राडारोड्याची जागा आणि त्यांच्याभोवतीचा वस्तीविरहित पट्टा नकाशावर आधीच दिसला पाहिजे, म्हणजे शेजारी घर घेणाऱ्याला ते घर घेण्यापूर्वी कळेल. चौथी पायरी जुन्या ढिगाऱ्यांची. बायोमायनिंग, म्हणजे साचलेला कचरा उकरून, वाळवून, चाळून त्यातील माती, इंधनयोग्य भाग आणि दगड वेगळे करणे, या पद्धतीने अडकलेली जमीन मोकळी करता येते.

या सगळ्यांपेक्षा अवघड पायरी प्रशासकीय सातत्याची आहे. प्रक्रिया केंद्राचे आयुष्य वीस वर्षांचे, ठेकेदाराचा करार काही वर्षांचा आणि आयुक्तांचा कार्यकाळ बहुधा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे किती कचरा आला, किती प्रक्रियेत गेला आणि किती उरला, याचा केंद्रनिहाय हिशेब दरमहा नागरिकांसमोर ठेवणे हीच सातत्याची खरी हमी ठरते. ज्या गावाच्या शिवारात केंद्र उभे राहते, त्या गावाला हा हिशेब तपासण्याचा पहिला हक्क असला पाहिजे. नारेगाव आणि मांडकीच्या लोकांनी शहराचे ओझे न विचारता वाहिले. पुढच्या वीस वर्षांत कोणत्याही गावावर तशी वेळ येऊ नये, यासाठी जमिनीचे आरक्षण आज झाले पाहिजे आणि ओल्या-सुक्याचे दोन डबे प्रत्येक उंबऱ्यावर आजच वेगळे झाले पाहिजेत.